आधी खिडकी उघडा, मग कुंडी ठेवा



घरात झाडे ठेवावीत का? ठेवली तर फायदा काय? रात्री झाड उशाशी असले तर माणसाचा श्वास कोंडतो म्हणतात, ते खरे का? असे प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात. विचारणाऱ्या बहुतेक आमच्या भगिनीच असतात. कोणी वासिंदला भाड्याच्या खोलीत राहते, कोणी मुरबाडच्या कारखान्यांच्या बाजूला, कोणी नव्याने मिळालेल्या घरकुलात.

मागच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही. आपल्या वस्तीला मोठी अंगणे कधीच नव्हती हे खरे, पण पडवीपुढे चार हात जागा असे. मोरीच्या पाण्यावर अळू वाढे, कडेला गवती चहाचा ठोंब असे, दारात शेवगा असे. आता घर सिमेंटचे झाले, दार रस्त्यावर उघडते, आणि झाड लावायचे तर ते कुंडीत आणि घरात. म्हणून हा विषय आज घेतला आहे. यात आमची स्वतःची एक चूक सांगायची आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल.

चार वर्षांपूर्वीची थंडी. आमच्या धाकट्या भावाची मुलगी, पाच वर्षांची, दिवाळीपासून खोकत होती. घरात गॅस होता, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून पाणी तापवणे, भाकऱ्या भाजणे चुलीवरच चाले. चूल आत, कोपऱ्यात. थंडी आणि डास म्हणून खिडकी लावलेली. त्याच सुमारास भावाच्या मोबाईलवर कोणीतरी पाठवलेला मजकूर आला, की अमुक तीन झाडे घरात ठेवा, घरातली हवा आपोआप शुद्ध होते, हे अमेरिकेच्या 'नासा'ने सिद्ध केले आहे. आमचा त्यावर विश्वास बसला. शास्त्राचे नाव आले की आपण लगेच मान डोलावतो. भाऊ आणि आम्ही मिळून कुंड्या आणल्या आठ. मजुरीचे दोन दिवस त्यात गेले. कुंड्या मांडल्या, पानांवरची धूळ पुसली आणि मुलीचा खोकला थांबायची वाट बघत बसलो.

खोकला थांबला नाही. पौष गेला, माघ गेला. शेवटी आरोग्य केंद्रातल्या एक ताई घरी आल्या. त्यांनी मुलीची छाती तपासली, घरभर नजर फिरवली आणि एवढेच विचारले, "चुलीचा धूर बाहेर कुठून जातो?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. धूर कुठूनच बाहेर जात नव्हता. आठ कुंड्या आणि आम्ही सहा माणसे, सगळे मिळून तोच धूर घेत होतो.

त्या संध्याकाळी खिडकी उघडली, तिला डासांची जाळी मारली. चूल पडवीत नेली. डॉक्टरांचे औषध चालू होतेच. पुढच्या काही आठवड्यांत खोकला उतरला. कुंड्यांचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

'नासा'च्या नावाने जे सांगतात त्यात खोटे काय आणि खरे काय, हे त्यानंतर आम्ही नीट समजून घेतले. १९८९ साली 'नासा'चे एक शास्त्रज्ञ वुल्व्हर्टन यांनी खरोखरच प्रयोग केले होते. रंग, डिंक, प्लास्टिक यांतून निघणाऱ्या काही वायूंचे प्रमाण झाडांमुळे कमी झाले, असे त्यांत आढळले. पण ते प्रयोग घरात झाले नव्हते. हवा आत-बाहेर होऊ नये अशा घट्ट बंद केलेल्या छोट्या पेट्यांत झाले होते. अंतराळात माणसे राहतील तिथे खिडकी उघडता येत नाही, म्हणून तो खटाटोप. आपले घर म्हणजे अंतराळयान नव्हे. आपल्याला खिडकी आहे.

२०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. दारे-खिडक्या आणि फटींतून हवेची जी नेहमीची ये-जा होते, तिच्याइतके काम झाडांकडून करून घ्यायचे असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा तो हिशेब आहे. आता हाच हिशेब आपल्या घराला लावून बघा. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी अडीचशे कुंड्या झाल्या. अडीचशे कुंड्या मांडल्यावर माणसांनी झोपायचे कुठे? आणि हा हिशेब वायूंचा आहे. चुलीच्या धुरात जे बारीक कण असतात आणि थेट फुप्फुसात जाऊन बसतात, ते कुंडीतले झाड गिळून टाकत नाही.

रात्रीच्या भीतीचेही तसेच. झाडही श्वास घेते. रात्री ऊन नसते, म्हणून ते प्राणवायू सोडत नाही, उलट थोडा घेते. पण एका कुंडीचा श्वास तो केवढा! शेजारी झोपलेले लहान मूल तिच्यापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू घेते. मुलाला आपण त्या भीतीने बाहेर झोपवतो का? तेव्हा झाडाने श्वास कोंडत नाही. कोंडतो तो बंद खिडकीने.

ही गोष्ट आपल्या माणसांना जरा जोर देऊन सांगावीशी वाटते. घरात क्षयाचा रुग्ण असेल, दमेकरी असेल, तान्हे मूल असेल, तर पहिला खर्च कुंडीवर करू नका. खिडकी नसेल तर ती पाडून घ्या, जाळी लावा, चुलीला धुरांडे करा. क्षयाचे जंतू बंद हवेत साचतात, मोकळ्या हवेत विरळ होतात. वारा फुकट मिळतो. तो आधी आत येऊ द्या.

मग वाचक विचारतील, इतके सगळे झाल्यावर त्या आठ कुंड्या फेकून दिल्या का? नाही दिल्या. तीन झाडे जास्त पाण्याने आमच्याच हातून मेली. पाच राहिली. आणि त्यांचा खरा उपयोग काय हे आम्हाला शास्त्राच्या आधी आमच्या आईने दाखवले.

आमचे वडील गेल्यावर आईच्या हातातली कामे आम्ही एकेक करून काढून घेतली. प्रेमानेच काढून घेतली. "तू आता बस, आयुष्यभर राबलीस." पाणी आम्ही आणणार, भांडी सून घासणार, तांदूळसुद्धा दुसरे कोणी निवडणार. आई बसली. ती अशी बसली की दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून असे. जेवायला हाक मारली की येई. बोलणे कमी होत गेले. आम्ही समजलो, वयाचे असेल.

खिडकी उघडल्यावर कुंड्या उजेडाला म्हणून खिडकीशी ठेवल्या, आणि तिथेच आईची बसायची जागा होती. पहिले काही दिवस ती नुसती बघत होती. एक दिवस आम्ही कुंडीत तांब्याभर पाणी ओतायला लागलो तशी म्हणाली, "अरे, किती ओततोस? मातीत बोट घालून बघ तरी. बुडाली ती." कित्येक दिवसांनी ती स्वतःहून एवढे बोलली. त्या दिवसापासून कुंड्या तिच्या झाल्या. सकाळी उठून पिकले पान काढायचे, माती उकरायची, कुंडी थोडी फिरवायची, म्हणजे झाड एकाच बाजूला झुकत नाही. नातीला हाताशी घेऊन हे सगळे चाले. नात एका हाताने गृहपाठ करी आणि दुसऱ्या हाताने माती चिवडी.

आपल्या शहापूर तालुक्यातला उन्हाळा वाचकांना सांगायला नको. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे, वैतरणा आणि भातसाही मुंबईचीच तहान भागवतात, आणि धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला, कोरड घशाला. अशा दिवसांत कुंडीला पाणी घालणे म्हणजे चैन, असे आम्ही आईला बोलून गेलो. ती म्हणाली, "माझ्या वाट्याचं देते. तुमच्यातलं मागत नाही." मग तिनेच रीत घालून दिली. तांदळाचे धुवण, डाळीचे धुवण, भाजी धुतलेले पाणी एका डेचकीत जमा करायचे आणि त्याच दिवशी कुंड्यांना द्यायचे. साबणाचे पाणी नाही. पाच कुंड्यांना नवे पाणी एक थेंबही लागले नाही, आणि पाचही जगल्या.

हा आमच्या आईचाच अनुभव असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. १९७६ साली अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन विदुषींनी कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. दोन मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना झाडे दिली. एका मजल्यावर सांगितले, हवे ते झाड तुम्ही निवडा, त्याची काळजी तुम्हीच घ्यायची, तुमच्या खोलीत काय कसे असावे हेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, हे झाड तुमचे, पण पाणी परिचारिका घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या मजल्यावरची माणसे जास्त उत्साही, जास्त बोलती, जास्त जागरूक दिसली. झाड दोन्हीकडे होते. फरक एवढाच, की एकीकडे काम माणसाच्या हातात होते आणि दुसरीकडे काढून घेतलेले होते. त्या माणसांना इतर बाबतींतही मोकळीक दिली होती, तेव्हा सगळे श्रेय झाडाला देता येणार नाही. पण आम्ही हे वाचले तेव्हा आमची मान खाली गेली. आईला आम्ही दुसऱ्या मजल्यावर ठेवले होते.

दुसरा एक अभ्यास आजारी माणसांबद्दलचा आहे. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून तो प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले २३ रुग्ण असे होते की खिडकीतून झाडे दिसत, आणि २३ असे की खिडकीसमोर विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि वेदनेची भारी औषधे त्यांना कमी लागली. रुग्णांची संख्या लहान आहे, त्यावरून मोठा दावा करू नये. पण करून बघायला पैसे लागत नाहीत. मुरबाडकडे आमची एक मावशी मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. खाट आतल्या अंधाऱ्या खोलीत, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये. आम्ही भाचरांनी खाट उचलून खिडकीशी आणली. समोर आंबा आहे. हाड आंब्याने जुळले नाही, ते डॉक्टरांनी जुळवले. पण मोहोर किती आला, कोणत्या फांदीवर खार फिरते, याच्या बातम्या मावशी आल्यागेल्याला सांगू लागली. नुसती दुखण्याची गोष्ट बंद झाली.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरातल्या झाडाचा फायदा हवेला होत नाही, तो माणसाला होतो. ज्याच्या हातात ते झाड देऊ, त्याला होतो.

आता करायचे कसे, तेही सांगतो.

कुंडी विकत आणायची गरज नाही. तेलाचा डबा, फुटका माठ, जुनी बादली चालते. बुडाला खिळ्याने चार-पाच भोके पाडा. औषध फवारणीचा डबा मात्र कधीही वापरू नका. आपल्याकडची भाताच्या खाचरातली माती चिकट असते, पाणी धरून ठेवते. तिच्यात वाळू आणि गिरणीवरचा भाताचा तूस मिसळा, थोडे चांगले कुजलेले शेणखत घाला.

झाडाचा तुकडा शेजारणीकडून मागून घ्या. मनी प्लांटची डोळा असलेली फांदी बाटलीतल्या पाण्यात ठेवली तरी मुळे फुटतात. कमी उजेडात तो आणि स्नेक प्लांट तग धरतात. कोरफड, पानओवा, पुदिना यांना ऊन हवे, त्यांची जागा खिडकीत. अंधाऱ्या कोपऱ्यात कोणतेच झाड फार दिवस जगत नाही. पाणी घालण्याआधी मातीत बोट दोन पेरे घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. घरातली झाडे तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त बुडून मरतात. पावसाळ्यात आपल्या भिंतींना आधीच ओल येते, बुरशी धरते. त्या चार महिन्यांत कुंड्या पडवीत काढा.

डासांचे विसरू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कुंडीखालची ताटली आणि मनी प्लांटची बाटली आठवड्यातून एकदा रिकामी करा आणि आतून घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. दर रविवारी हे काम मुलांकडे द्या.

लहान मुले असतील तर आणखी एक काळजी. पावसाच्या सुरुवातीला शहापूर-मुरबाडच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं विकायला आणतात. शेवळं घेतली की त्यांच्याकडूनच काकडंही घ्यायची, हे आपल्याकडे कोणत्याही सुगरणीला सांगावे लागत नाही, नाहीतर घशाला खाज सुटते. कच्च्या अळूचे, सुरणाचे तेच. मनी प्लांट याच अळूच्या कुळातला. पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे डिफेनबॅकिया नावाचे झाड नर्सरीवाले शोभेसाठी देतात, तेही त्याच कुळातले, आणि जास्त दाहक. रांगत्या मुलाने पान चावले तर तोंड, जीभ सुजते. अशी झाडे उंचावर टांगा. मुलाने चावलेच तर तोंडातले तुकडे काढून गार पाण्याने पुसून घ्या, आणि सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर वेळ न घालवता दवाखान्यात न्या.

शेवटी अंधश्रद्धेविषयी दोन शब्द. मनी प्लांट चोरून आणला तर पैसा येतो, आग्नेय दिशेला ठेवला तर घरात बरकत येते, असे आपल्यातलेही काही लोक मानू लागले आहेत. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटावरचा. तिथल्या लोकांनी त्याला पैशाचे झाड म्हटले नव्हते. 'लकी बांबू' म्हणून दुकानात महाग विकतात तो तर बांबूच नव्हे, आफ्रिकेतले वेगळेच झुडूप आहे. आपल्या तालुक्यांत खरा बांबू रानोमाळ आहे, तो तोडून वाहणाऱ्यांचे नशीब त्याने किती फळफळले ते आपण पाहतोच. ज्यांनी मुहूर्त आणि दिशा सोडल्या, त्यांनी त्या कुंडीत घालून पुन्हा घरात आणू नयेत.

काही जण असेही विचारतात की आपण घरी तुळस लावावी का. झाडाला झाड मानले, हात न जोडता पाणी घातले आणि खोकल्याच्या काढ्याला चार पाने तोडली, तर अडचण कसली? आणि बोधिवृक्षाच्या प्रेमाने कुंडीत पिंपळ लावणाऱ्यांना विनंती, की त्याला घरात कोंडू नका. त्याची मुळे भिंत फोडतात आणि कुंडीत तो खुरटतो. विहाराजवळ, घरांपासून दूर मोकळ्या जमिनीत लावा, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालण्याची पाळी वस्तीत वाटून घ्या.

आमच्या आईचे आता ऐंशीच्या पुढे वय आहे. पाच कुंड्यांच्या अकरा झाल्या आहेत, सगळ्या डब्यांतल्या. वस्तीतल्या मुली फांदी मागायला येतात. ती लगेच देत नाही. आधी विचारते, "घरात खिडकी आहे का?" असेल तर देते. नसेल तर सांगते, आधी बापाला खिडकी पाडायला सांग, मग ये.

वाचकहो, या रविवारी एवढेच करा. घरातली बंद खिडकी उघडा. एखादा डबा शोधा, शेजारणीकडून एक फांदी आणा. आणि ती स्वतः वाढवू नका. घरात ज्या माणसाला आपण "तू बस" म्हणून बसवून ठेवले आहे, त्याच्या हातात द्या.

जयभीम.